ओल्या बांबूचे धनुष्य टिकणार कसे?

संपादक महोदय,

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की नागपुरात बांबूचे धनुष्य बनवायची शिबिरे भरतात. सकाळी बांबू फाडायचा, दुपारी दोरी चढवायची, संध्याकाळी पोरं धनुष्य घेऊन घरी. पाऊस लागेपर्यंत त्यातली बरीच मोडलेली असतात, नाहीतर कायमची वाकलेली. ओला बांबू दोरी चढवलेल्या आकारातच सुकतो, मग दोरी उतरवली तरी सरळ होत नाही आणि ओढीत जोर राहत नाही. त्यात आपला मे महिना! टोकांकडून भेगा पडत जातात.

शिबिराची तयारी डिसेंबरात व्हायला हवी. तीन वर्षांवरचा मानवेल जातीचा बांबू हिवाळ्यात तोडावा, बुडाकडचा जाड भाग घ्यावा. पावसाळ्यात तोडलेल्याला घुण लवकर लागतो. खाली पिवळी भुकटी दिसली की तो बांबू गेलाच म्हणून समजा. फाडलेल्या पट्ट्यांच्या टोकांना मेण लावून त्या सावलीत, हवेशीर जागी ठेवल्या की एप्रिलपर्यंत कामाला येतात. शेताच्या बांधावरचा बांबू असेल तर आणखी सोपे. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू वनकायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला आहे.

मोठ्या माणसासाठी पट्टी साडेपाच फूट, मुठीपाशी सव्वा इंच रुंद, टोकांना अर्धा इंच. चकचकीत सालीची बाजू निशाणाकडे येते. तिला कोयता लावायचा नाही, तिच्यावरच्या गाठीही सपाट करायच्या नाहीत, कारण सगळ्यात चिवट तंतू सालीलगत असतात. तासायचे ते आतल्या बाजूने.

शिबिरांत गाळला जातो तो पुढचा भाग, आणि खरी विद्या तिथेच आहे. भिंतीतल्या खुंटीवर धनुष्य मुठीवर टेकवावे, दोरी हळूहळू खाली ओढावी आणि पाच पावले मागे जाऊन वाक पाहावा. जिथे ताठ दिसते तिथेच खरवडायचे. आधीच जास्त वाकतो त्या जागेला हात लावायचा नाही. कोयता इथे बाजूला ठेवावा, काचेचा तुकडा बरा. जाडी १० मिलिमीटरवरून ९ वर आली की ताठरपणा तब्बल २७ टक्के उतरतो. दर खरवडीनंतर वीस-तीस वेळा थोडे थोडे ओढून पुन्हा बघावे. दोन्ही बाजू सारख्या वाकत नाहीत तोवर ओढ वाढवू नये. घाई केली की कमजोर जागी कचकन मोडते.

एवढे काम एका दिवसात होत नाही. आयोजकांनी चार रविवार ठेवावेत. इंडियन राउंड या तिरंदाजीच्या स्पर्धाप्रकारात पोरं पुढे ५० आणि ३० मीटरवर बांबूच्याच धनुष्याने मारणार असतील, तर वाक वाचता आलेला बरा.

धनुष्य घरी नेताना पालकांनाही दोन गोष्टी सांगाव्यात. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये, सगळा जोर उलटून धनुष्यावर येतो. वापर झाला की दोरी उतरवावी आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे, कूलरच्या ओल्या वाऱ्यापासून लांब.

— धनुष्य बनवणारे आणि शिकवणारे काही कारागीर, नागपूर