जमत नाही म्हणू नका, तक्रार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात बसणं कमी आणि गिऱ्हाइकांकडं फिरणं जास्त. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडती, लक्ष्मीपुरीतली धान्याची दुकानं, राजारामपुरीतली सीए मंडळींची ऑफिसं, उद्यमनगरातले वर्कशॉप. २०२५ च्या दिवाळीपासून या सगळ्या ठिकाणी मला नव्या संगणकाबद्दल एकच वाक्य ऐकू येतंय आणि ते मनाला लागलंय, म्हणून हे पत्र. वाक्य असं : "आम्हालाच जमंना झालंय वो."

एका अडतीतले दिवाणजी साठीच्या पुढचे आहेत. चार रकान्यांची बेरीज तोंडी करतात आणि ती कधी चुकत नाही. मालकानं नवा संगणक आणला, त्यात विंडोज ११ ही नवी सिस्टीम. सौदा संपला, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबासाठी, समोर उभे राहिले. दिवाणजींची नजर सौद्याच्या वहीवर आणि उजवा हात माउसवर. हात न बघता खाली डाव्या कोपऱ्यात गेला, कारण इतकी वर्षं तिथंच स्टार्टचं बटण असायचं. तिथं आता हवामान. नुसता बाण टेकला तरी निम्मा पडदा भरून बातम्या आणि फोटो उघडतात. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा हात कोपऱ्यात, पुन्हा बातम्या. पुढचा प्रकार त्याहून वाईट. गावागणिक एक्सेलच्या फायली उघड्या होत्या. पूर्वी खालच्या पट्टीवर प्रत्येक फाइलचं नाव दिसायचं, आता सगळ्या फायली एका हिरव्या चित्राखाली गोळा झालेल्या. त्यावर बाण नेला की एकासारखी एक दिसणारी छोटी खिडकी-चित्रं वर येतात. एका गावची पट्टी दुसऱ्या गावच्या फाइलीत चढता चढता राहिली. दिवाणजींनी माउस बाजूला ठेवला आणि मालकाला म्हणाले, "माझ्या जागी दुसरं कुणीतरी बसवा."

मी गेलो, सेटिंगमध्ये शिरून दोन बदल केले. बटणं डावीकडं आणली आणि फायलींची नावं पुन्हा दिसतील असं केलं. दिवाणजी खुर्चीतून पुढं सरकले. "पयल्यासारखं झालं की! मग हे आधीच असं का न्हाई ठेवलं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पण तो त्यांनी मला विचारला. ज्यांनी ही मांडणी ठरवली त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही. तिथवर जायच्या आतच दिवाणजींनी स्वतःला नालायक ठरवून टाकलं होतं.

हाताची सवय ही काही आळसाची गोष्ट नाही. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला रातोरात पट्ट्यांची जागा बदलून दिली तर त्याला पेटी येत नाही असं कोण म्हणेल? कोपऱ्यातल्या बटणामागं तर शास्त्रही आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं की एखाद्या जागी हात पोचायला लागणारा वेळ त्या जागेच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. पडद्याच्या कोपऱ्यात माउस कितीही जोरात ढकला, तो कडेला अडून तिथंच थांबतो. म्हणजे छोटं बटणसुद्धा कोपऱ्यात असलं की हाताला मोठं होतं, नेम धरावा लागत नाही. तेच बटण मध्यभागी नेलं की दर वेळी बघून थांबावं लागतं. शिवाय विंडोज ११ मध्ये मधली मांडणी ठेवली, तर जसे जास्त प्रोग्रॅम उघडाल तशी सगळी रांग पुन्हा मध्यावर येते आणि स्टार्टचं बटण आणखी डावीकडं सरकतं. सकाळी एका जागी आणि दुपारी दुसऱ्या जागी असलेलं बटण हाताच्या लक्षात राहणार कसं?

मंगळवार पेठेतल्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका करणाऱ्या ताई आहेत, त्यांची अडचण राइट क्लिकची. कॉपी, पेस्ट, नाव बदलणं हे शब्द जाऊन तिथं बारकी चित्रं आली आणि बाकीचा जुना मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत गेला. लग्नसराईत दिवसभर फायली इकडून तिकडं करणाऱ्या बाईला प्रत्येक कामात एक क्लिक वाढली. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू सरळ उघडतो, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

आता मला जे सांगायचंय ते. आपल्याकडं माणसं गप्प बसतात आणि जगात इतर ठिकाणी लोक बोलतात. आणि बोललं की फरक पडतो, हे या धंद्यात मी डोळ्यांनी बघितलंय.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आली तेव्हा स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं. १९९५ पासून जगानं शिकलेली गोष्ट एका झटक्यात गेली. पडदाभर रंगीत चौकोन आणि संगणक बंद करायचं बटण उजव्या कडेतून बाहेर येणाऱ्या पट्टीच्या आत. लोकांनी जगभर ओरडा केला. वर्षभरात, १७ ऑक्टोबर २०१३ ला, ८.१ मध्ये बटण परत आलं आणि २९ जुलै २०१५ ला विंडोज १० मध्ये अख्खा स्टार्ट मेनू परत आला. २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा खालच्या पट्टीवर नावं दाखवायची सोय काढली होती. त्यावर तक्रारींचा पाऊस पडला आणि २०२३ मध्ये ती सोय परत द्यावी लागली. दिवाणजींचं काम ज्या सेटिंगनं झालं ते हेच. दूरदेशी कुणीतरी चिकाटीनं तक्रार केली म्हणून मार्केट यार्डातल्या माणसाची खुर्ची राहिली. राइट क्लिकच्या त्या चित्रांखालीसुद्धा २०२४ च्या मोठ्या अपडेटमध्ये नावं आली.

फोनचंही तेच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आयफोनचं आयओएस २६ आलं. त्यात 'लिक्विड ग्लास' नावाची काचेसारखी पारदर्शक मांडणी आहे. मागचा फोटो पुढच्या अक्षरांतून आरपार दिसतो. वाचता येत नाही अशी तक्रार लोकांनी पहिल्या चाचणी आवृत्तीपासून केली आणि नोव्हेंबरातल्या २६.१ मध्ये काचेचा पारदर्शकपणा कमी करण्याचा पर्याय आला. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड ब्राइटनेस, तिथं लिक्विड ग्लास, तिथं 'टिंटेड' निवडायचं. एवढ्यानं भागलं नाही तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' आहेच. पारदर्शकपणाचा त्रास देवनागरी वाचणाऱ्याला जरा जास्तच होतो असं मला वाटतं. आपली मात्रा, वेलांटी, अनुस्वार शिरोरेघेच्या वर, उकार खाली. मागं नातवाचा रंगीबेरंगी फोटो असला की हे बारके भाग आधी विरघळतात. ही गोष्ट इंग्रजी वाचणारा माणूस त्यांना कशी सांगणार? ती आपणच सांगायला हवी.

आणि ज्यांना वाटतं की अडाण्यालाच बदल जड जातो, त्यांच्यासाठी एक उदाहरण. विंडोजसारखीच लिनक्स नावाची सिस्टीम आहे. तिचा गाभा ज्यांनी लिहिला ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम ३ या नव्या मांडणीवर जाहीर टीका केली, ती सोडली आणि एक्सएफसीई ही दुसरी मांडणी वापरायला लागले. दुसऱ्या काही मंडळींनी जुना ग्नोम २ पुढं चालू ठेवायला 'माटे' नावाचा वेगळा प्रकल्पच काढला. यांपैकी कुणीही 'मला जमत नाही' म्हणालं नाही. हे माझ्या कामाच्या आड येतं, असं ते म्हणाले. आमचे दिवाणजी आणि टोरवाल्ड्स यांचं दुखणं एकच आहे, फक्त एकानं ते बोलून दाखवलं.

बदल नकोच असं माझं म्हणणं नाही. १९९५ चं स्टार्ट बटणसुद्धा तेव्हा नवंच होतं आणि लोकांनी ते आनंदानं घेतलं, कारण त्यानं काम सोपं झालं. २००१ ला विंडोज एक्सपी आली तेव्हा निळं-हिरवं रूप बघून कितीतरी जण बावरले होते. पण त्यात 'क्लासिक स्टार्ट मेनू' ठेवलेला होता. ज्याला नवं हवं त्यानं नवं घ्यावं, ज्याला जुनं हवं त्यानं एक टिचकी मारून जुनं घ्यावं. मला ही रीत माणुसकीची वाटते. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तो क्लासिक मेनू गेला आणि त्यानंतर परतीचा रस्ता आक्रसतच गेला. रस्ता नसला की लोक नेटवर 'जुना मेनू परत आणा' असं शोधतात, दिसेल ते डाउनलोड करतात आणि भलतंच काहीतरी मशीनमध्ये येऊन बसतं. ते साफ करायला मलाच बोलावतात. त्यात माझे चार पैसे होतात, पण मला ते नको आहेत.

आपल्याकडं या वेळी घाव एकदम बसला त्याचंही कारण आहे. विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. वाढीव मुदतीची सोय होती, पण ती किती दुकानदारांना माहीत? त्यामुळं चांगली चालती मशीनं बाद धरली गेली. गुळाचा हंगाम सुरू होताना, लक्ष्मीपूजनाच्या वह्या पूजताना दुकानात नवं मशीन आणि नवं रूप दोन्ही एकाच दिवशी आलं. शिकायला उसंत कुणाला होती?

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. पहिली माझ्याच धंद्यातल्या मित्रांना. मशीन बसवून, बिल फाडून निघू नका. ज्याच्या हातात माउस असणार आहे त्याला शेजारी बसवा, त्याचं रोजचं एक काम तुमच्यासमोर करू द्या, हात कुठं अडखळतो ते बघा आणि ते तिथल्या तिथं नीट करून द्या. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार (म्हणजे ती खालची पट्टी) आणि त्यात टास्कबार बिहेवियर्स. तिथं अलाइनमेंट 'लेफ्ट' आणि नावं एकत्र करण्यापुढं 'नेव्हर'. हवामान बंद करायचं बटणही टास्कबारच्याच पानावर आहे. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे.

दुसरी पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कार्यालयांच्या साहेबांना. सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी किंवा तशी परीक्षा मागता, म्हणजे कर्मचाऱ्यानं संगणक शिकलेला आहे हे तुम्हाला मान्य आहे. मग मांडणी बदलल्यावर तो दोन दिवस हळू चालला तर त्याच्यावर ओरडू नका. मार्चअखेरीला मशीनं बदलू नका. जमेल तिथं जुनं मशीन नेट काढून काही दिवस शेजारी राहू द्या. आणि मशीनं घाऊक घेता तेव्हा पुरवठादाराशी लेखी ठरवा की मांडणी वापरणाऱ्याच्या सोयीची लावून, मराठीतून समजावूनच मशीन ताब्यात द्यायचं.

तिसरी विनंती वाचकांना आणि तीच मुख्य. तक्रार करा. संगणकावर विंडोजची की आणि एफ एकत्र दाबलं की 'फीडबॅक हब' हे विंडोजबद्दल तक्रार नोंदवायचं ॲप उघडतं. ॲपलचंही सूचनांसाठी वेगळं पान आहे. "बेकार केलंय" एवढंच लिहून उपयोग नाही. मी काय करत होतो, हात कुठं गेला, काय उघडलं, कामाचा काय खोळंबा झाला, हे चार ओळींत लिहा. दुसऱ्यानं तशीच तक्रार आधी लिहिली असेल तर तिला पाठिंब्याचं मत द्या. जितकी मतं जास्त तितकी ती वर येते.

इंग्रजीत लिहायला संकोच वाटतो म्हणून बरेच जण थांबतात, हे मला माहीत आहे. त्यासाठी आपणाला विनंती की आपल्या वृत्तपत्रात आठवड्यातून एकदा छोटी जागा द्यावी आणि वाचकांनी अशा अडचणी मराठीत, आपल्या बोलीत पाठवाव्यात. छापून आलेली प्रत्येक अडचण इंग्रजीत उतरवून योग्य त्या ठिकाणी नोंदवायचं काम मी करीन, त्याचे पैसे घेणार नाही. उत्तर आलं तर ते आपल्याकडं पाठवीन. सुरुवात दिवाणजींच्या प्रश्नानं करतो, तो मी कालच नोंदवला आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
शाहूपुरी, कोल्हापूर