भूगोलाच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाची दारे उघडा

मा. संपादक,
स. न.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रासाठी ४ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) 'ऑन जॉब ट्रेनिंग' आणि पुढील दोन सत्रांत मिळून १० श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आला आहे. भूगोलासारख्या क्षेत्रकार्यावर उभ्या असलेल्या विषयासाठी ही तरतूद मोलाची आहे. परंतु ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांना हे प्रशिक्षण कोठे घ्यावे हेच कळत नाही आणि अखेर ओळखीच्या एखाद्या संगणक केंद्राचे प्रमाणपत्र जोडून ते तास भरून काढले जातात.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आणि सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर विभेदनाच्या (म्हणजे जमिनीवरचा सुमारे १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणाऱ्या) प्रतिमा विनामूल्य मिळतात, नकाशे तयार करण्याची क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली मोफत आहे आणि देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन (उपग्रह वा विमानातून दुरून भूपृष्ठाची माहिती मिळवणे) संस्था दूरस्थ पद्धतीने निःशुल्क अभ्यासक्रम चालवते. उणीव आहे ती हे शिकलेले ज्यावर वापरावे अशा खऱ्या प्रश्नांची, आणि ते प्रश्न तर आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पडून आहेत. माळीण (२०१४), तळीये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथे दरडींनी वस्त्या गाडल्या. डोंगरउतारावरील एखाद्या वाडीच्या वरच्या अंगाला उतार किती, मातीचा थर किती जाड, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने उतरते, भेगा कोठे दिसतात, याची पायी फिरून केलेली नोंद आपत्ती व्यवस्थापन कक्षाला उपयोगी पडेल आणि एम.ए.च्या विद्यार्थ्याला ती योग्य मार्गदर्शनाखाली नक्कीच करता येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींतील पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या पाणीपातळीचा तालुकावार अभ्यासही तसाच.

सध्या संशोधनाचा अनुभव म्हणजे शुल्क भरून परिसंवादाचे प्रमाणपत्र मिळवणे आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात लेख देणे, असा समज विद्यार्थ्यांत रुजला आहे. पीएच.डी.पूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांत काढून टाकली, तरी ही घाई थांबलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून विद्यापीठांनी जिल्हाधिकारी कार्यालये, भूजल यंत्रणा, नगररचना विभाग आणि नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांच्याशी करार करून दरवर्षी सत्रारंभी अभ्यासविषयांची यादी मागवावी. प्रत्येक प्रकल्पाला महाविद्यालयातील मार्गदर्शकाबरोबर संबंधित कार्यालयातील एक अधिकारी सहमार्गदर्शक असावा, आणि अंतिम सादरीकरण त्या कार्यालयातच व्हावे, म्हणजे कामातील चुका तेथल्या तेथे दाखवल्या जातील. क्षेत्रकार्याचा प्रवासखर्च मात्र विद्यार्थ्यांवर टाकू नये. दुर्गम वाड्यांची माहिती ज्यांना सर्वांत जास्त आहे, त्यांनाच तो परवडत नाही.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा