फ्लॉप्या अजून ड्राइव्हमध्ये घालू नकोस

प्रिय बंड्या,

सात महिन्यांत एक ओळ नाही, आणि आता लिहितोय तेही फ्लॉप्यांसाठी. शिव्या नंतर दे. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

माळ्यावर ‘पत्रं ९८’ लिहिलेला फ्लॉप्यांचा डबा सापडला हे कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. अण्णांची पत्रं आणखी कुठे असणार? तेव्हा हॉटमेलवर जागा २ एमबी. भरली की जुनं पुसायचं. वाचलं ते फ्लॉपीवर उतरवलेलंच. (‘पुसू नकोस’ म्हणून तेव्हा मीच भांडलो होतो. नोंद असू दे.)

आधी पत्र्याची झडप सरकवून आतली तबकडी उजेडात बघ. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. ती ड्राइव्हच्या हेडला (वाचणाऱ्या टोकाला) चिकटते आणि पुढच्या सगळ्या फ्लॉप्या खरवडते. तसली बाजूला ठेव. बाकीच्यांची कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं कर. भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद. उलटं वाटतं, पण तसंच आहे. विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर नाही म्हण. दहादा विचारलं तरी नाहीच.

फायली ओढून कॉपी करू नकोस. एक सेक्टर (तबकडीवरचा छोटा तुकडा) खराब लागला की कॉपी तिथेच अडते आणि हेड त्याच जागेवर घासत बसतं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालव, खराब डिस्क वाचायचाच प्रोग्रॅम आहे तो. ते सोपं आधी वाचून घेतं, अडलेलं मागे ठेवतं आणि कुठे अडलं याची फाईल ठेवतं. म्हणून उरलेले सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघता येतात. हेडची जागा केसभर वेगळी असली तरी कधी कधी काम होतं. ५१२ बाइटचे २,८८० सेक्टर, म्हणजे इमेज (अख्ख्या फ्लॉपीची एका फाईलमधली नक्कल) बरोबर १४,७४,५६० बाइटची हवी.

मजकुरात ‘बिगिन ६४४’ आणि खाली ‘एम’ने सुरू होणाऱ्या ओळीच ओळी दिसल्या तर कचरा समजून उडवू नकोस, ते फोटो आहेत. ईमेलची वाट मुळात ७ बिटांची आणि फोटोचा बाइट ८ बिटांचा, म्हणून ३ बाइटांची ४ अक्षरं करून पाठवत. अण्णांच्या त्या रशियन बुद्धिबळवाल्याची पत्रंही खराब वाटतील. केओआय-८ या रशियन अक्षरांच्या संगणकी संकेतात मांडणीच अशी, की वाटेत आठवा बिट गळला तरी रोमन लिपीत उच्चार उरतो, फक्त लहान-मोठी अक्षरं उलटी. मोठ्याने वाच, ‘प्रिव्येत’ (रशियन नमस्कार) ऐकू येईल.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं, फार बरं वाटलं. धाकटीचं काय ठरलं?

आणि हो, पहिली फ्लॉपी तुझ्या फॉरवर्ड केलेल्या विनोदांची घाल. ड्राइव्हने ती खाल्ली तर जगाचं नुकसान नाही. सातही इमेज मला लगेच पाठव, सगळ्या मिळून साधारण १० एमबी. ३३.६ किलोबिटच्या मोडेमवर पाऊण तास लागला असता, आणि चाळिसाव्या मिनिटाला माईंनी रिसीव्हर उचलला असता.

तुझा,
बाळ्या