प्लॅटिनम कुठून येतं, हे पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात प्लॅटिनमच्या कपल रिंगची पानभर जाहिरात होती, बायकोने कौतुकाने दाखवली आणि मला एकदम मारिकाना, दक्षिण आफ्रिकेतलं प्लॅटिनमच्या खाणीचं गाव, आठवलं, म्हणून हे पत्र.

मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, आम्ही गाड्यांचे एक्झॉस्ट बनवतो. त्यातला कॅटकॉन, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, हा मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असलेला सिरॅमिकचा ठोकळा, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर, इतका पातळ की डोळ्यांना नुसता मळकट रंग दिसतो. तरी एक ठोकळा रिजेक्ट झाला तर तो भंगारात जात नाही, मोजून, सही घेऊन कुलपात ठेवतात. मध्यंतरी पुण्यात गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायचे ते ह्याच्याचसाठी. म्हणजे माल किती महाग ते चोरालासुद्धा माहितीये, पण येतो कुठून हे आमच्या लाईनवर कुणी विचारत नाही, मीसुद्धा कितीतरी वर्षं विचारलं नव्हतं.

जगातलं खाणीतलं साधारण 70 टक्के प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं, तेही बहुतेक रस्टेनबर्गच्या आजूबाजूच्या पट्ट्यातून. एक टन दगड फोडला की प्लॅटिनमसकट सगळे मौल्यवान धातू मिळून तीन-चार ग्रॅम निघतात, त्यात नुसतं प्लॅटिनम त्याहून कमी, म्हणजे सहा ग्रॅमच्या अंगठीमागे दोन टनांच्या वर दगड आला. आणि तो फोडायचा कुठे, तर जमिनीखाली जेमतेम मीटरभर उंचीच्या जागेत, माणसाला पाठ सरळ करता येत नाही, उकाडा असह्य आणि हातात थरथरणारं ड्रिल मशीन. 2012 मध्ये मारिकानाला लोनमिन कंपनीच्या ह्याच ड्रिलवाल्या कामगारांनी महिना 12,500 रँड (तिथलं चलन) पगार मागितला आणि संप केला. आधीच्या आठवड्यात 10 जण मेले होते, त्यात पोलीस आणि सिक्युरिटी गार्डसुद्धा होते, हेही सांगायलाच पाहिजे. पण 16 ऑगस्टला पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि एका दुपारी 34 कामगार गेले. नंतरच्या चौकशीत हेही पुढे आलं की कंपनीने कामगारांसाठी 5,500 घरं बांधायचं कबूल केलं होतं आणि बांधली फक्त तीन, तीही नमुन्याची. पत्र्याच्या खोलीत राहून माणसं जगाला प्लॅटिनम देत होती, हे वाचून मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

2019 मध्ये लोनमिन सिबान्ये-स्टिलवॉटर ह्या दुसऱ्या खाण कंपनीने घेतली, अँग्लो अमेरिकन प्लॅटिनम ही तिथलीच आणखी एक कंपनी 2025 मध्ये वेगळी होऊन वालटेरा झाली. पाट्या बदलल्या, पण खाली उतरणारी माणसं तीच आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये रस्टेनबर्गला इम्पाला कंपनीच्या खाणीत शिफ्ट संपवून वर येणाऱ्या 86 जणांचा पिंजरा, म्हणजे खाणीतली लिफ्ट, खाली कोसळला, 13 जण गेले. आपल्याकडे ही बातमी कितीशी आली? मी तरी मराठीत धड वाचली नाही.

विचारलं की फरक पडतो असं माझं मत आहे. लोनमिनचा मोठा गिऱ्हाईक जर्मनीतली बीएएसएफ ही केमिकल कंपनी, कॅटकॉनसाठीच माल घ्यायची, तर मारिकानातल्या विधवा थेट त्या कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जाऊन बोलल्या. त्यांना हजारो मैल जावं लागलं, आपल्याला नुसतं दुकानात विचारायचंय. सराफाकडे शुद्धतेचा 950 चा शिक्का बघतो, सर्टिफिकेट मागतो, मग खाण कुठली, तिथे माणसांना कसं वागवतात हे का नाही मागायचं? आणि आमच्या मोठ्या गाडी कंपन्यांनीही हे सप्लायरकडून लेखी घ्यावं. आमच्याकडे येणाऱ्या ठोकळ्यावर बॅच नंबर असतो, तारीख असते, खाणीचं नाव मात्र कुठेच नसतं.

आपल्याला एकच विनंती, जाहिरात छापा, पण लग्नसराईत एखाद्या रविवारी अर्धं पान मारिकानाला पण द्या. आमच्या लाईनवरच्या पोरांना मी ते कात्रण नोटीस बोर्डवर लावून दाखवीन.

आपला,
एक नियमित वाचक, चाकण