चेफालूला अर्धा दिवस? मग गाव बघितलंच नाहीत!

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इटलीच्या सहलीवरचा लेख वाचला, छान होता, फोटो तर मस्तच, पण त्यात सिसिलीतल्या चेफालूबद्दल एक वाक्य होतं की 'छोटंसं गाव, अर्ध्या दिवसात आरामात होतं', आणि तिथेच माझा चहा थंड झाला. कारण आम्ही मागच्या सप्टेंबरात तिथे सहा रात्री राहिलो, मी, नवरा आणि सासूबाई, आणि निघताना सासूबाई म्हणत होत्या की अजून दोन दिवस असते तर बरं झालं असतं.

आधी सांगते की अर्ध्या दिवसवाले लोक आम्ही रोज बघत होतो. अकराच्या सुमाराला ग्रुप येतात, पुढे छत्री धरलेला गाईड, कॅथेड्रलसमोर फोटो, एक आईस्क्रीम, फ्रीजला लावायचं मॅग्नेट, आणि दीड-दोनला परत बसमध्ये. म्हणजे गावातले लोक दुकानं बंद करून जेवायला आणि झोपायला जातात नेमकं तेव्हापर्यंत, भर उन्हात, सगळी गर्दी एकमेकांच्या खांद्यावरून एकच देऊळ बघत असते. मग घरी येऊन सांगतात, 'काही नाही हो तिथे, एक चर्च आणि एक बीच.' अहो, तुम्ही वेळच चुकीची निवडलीत तर गाव काय करणार!

आमचीही पहिल्या दिवशी फजिती झालीच. सिसिलीची राजधानी पालेर्मो, तिथून लोकल ट्रेनने निघालो, साधारण तासाभराचा प्रवास, बराचसा समुद्राच्या कडेकडेने, आणि खोलीवर सामान टाकून जेवायला बाहेर पडेपर्यंत वाजले होते पावणेतीन. एकही किचन चालू नाही. शटरं खाली, गल्लीत एक मांजर आणि आम्ही तिघं. याला ते रिपोझो म्हणतात, साधारण एक ते चार, आणि रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी मिळत नाही. पुण्याच्या लोकांनी तर याला नावं ठेवूच नयेत. नशिबाने पालेर्मोच्या बाजारातून पाने ए पानेल्ले बांधून घेतलं होतं, म्हणजे चण्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, कापून, तळायचं आणि पावात घालून खायचं. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं ही तर तळलेली पाटवडी!" आता याच्यापुढे इटलीत शाकाहारी माणसाचे हाल होतात असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. वांग्याची आंबटगोड कापोनाता आहे, सकाळी ग्रानिता आणि ब्रिओश आहे (लिंबाचा बर्फ आणि मऊ पाव, नाश्त्याला! मला वाटलं होतं सर्दी होईल, झाली नाही). फक्त विचारून घ्या, कारण नुसत्या भाजीच्या वाटणाऱ्या पास्त्यातही कधी कधी आंचोवी नावाच्या बारीक माशाचा एखादा तुकडा विरघळलेला असतो. आणि बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लावतात ती फसवणूक नाही, टेबलावर बसल्याचे पैसे आहेत, मेनूवर बारीक अक्षरात लिहिलेले असतात. तेवढ्यावरून वेटरशी भांडू नये, आम्ही एका कुटुंबाला भांडताना बघितलं आणि भाषा मराठी होती म्हणून हळूच दुसऱ्या गल्लीत वळलो.

पण मुख्य गोष्ट समुद्राची. माझं माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, म्हणजे समुद्र आम्हाला नवा नाही, आणि म्हणूनच तो तिथे किती वेगळा आहे ते आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या बंदरावर बसलो होतो, तर त्या मला म्हणाल्या, "इथे ओहोटी कधी लागते गं? कालपासून बघत्येय, पाणी त्याच पायरीवर आहे." आणि खरंच लागत नाही हो! म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण फरक असतो फूटभराचा, वाऱ्यालाटांत तो कळतसुद्धा नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ चारही बाजूंनी बंद, अटलांटिकला जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी फक्त चौदाएक किलोमीटर, त्यामुळे महासागराची भरती आत घुसायला वावच नाही. (व्हेनिसच्या बाजूला जास्त चढतं, पण तो अपवाद.) आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या वर चढउतार करतं, आपलं सगळं आयुष्य त्यावर बांधलेलं, होडी कधी काढायची, तिसऱ्या (शिंपल्या) काढायला कधी जायचं, खाडी कधी ओलांडायची. तिथे हा हिशोबच नाही. म्हणून तर जुन्या घरांच्या मागच्या भिंती सरळ खडकातून, पाण्यालगत उभ्या आहेत, खालच्या खिडकीतून गळ टाकता येईल इतक्या. आपल्याकडे असं घर बांधलं तर पहिल्या पावसाळ्यातच सामान शोधायला गुहागरपर्यंत जावं लागेल. आणि पाणी खारट, आपण म्हणतो खारट त्याहून जास्त, लिटरला अडतीस ग्रॅमच्या आसपास मीठ, महासागराची सरासरी पस्तीस, कारण नद्यांतून आणि पावसातून जेवढं पाणी येतं त्याहून जास्त उन्हाने उडून जातं. माझा नवरा, ज्याला आजवर धड पोहता आलं नाही, तो तिथे पाठीवर पडून तरंगत होता आणि मला हात करत होता, मी घाबरून उठले तर हा नुसता खूश होऊन हात हलवत होता.

आता हे अर्ध्या दिवसात कसं कळणार? ओहोटी नाही हे कळायला तरी निदान एक रात्र राहायला हवं ना.

कॅथेड्रलबद्दल तुमच्या लेखात बरंच होतं म्हणून थोडक्यात. सिसिलीचा नॉर्मन वंशाचा राजा दुसरा रॉजर वादळात सापडला, इथे सुखरूप किनाऱ्याला लागला म्हणून नवस फेडायला देऊळ बांधलं अशी गोष्ट सांगतात, बांधकाम 1131 ला सुरू झालं हे मात्र पक्कं. आतला सोनेरी मोझेइकचा भव्य ख्रिस्त 1148 चा, हातात उघडं पुस्तक, एका पानावर ग्रीक आणि एका पानावर लॅटिन, 'मी जगाचा प्रकाश आहे'. सकाळी लवकर जा, अकराच्या आधी, आम्ही गेलो तेव्हा आत एक म्हातारी आणि झाडणारा माणूस एवढेच होते. लेखात जे नव्हतं ते हे की रॉजरने स्वतःच्या थडग्यासाठी लालसर जांभळ्या दगडाच्या दोन शवपेट्या 1145 ला इथे ठेवून घेतल्या होत्या, त्याला या गावातच निजायचं होतं. मेल्यावर पुरलं पालेर्मोत, आणि पुढे त्याच्या मुलीच्या मुलाने, फ्रेडरिकने, 1215 मध्ये त्या पेट्यासुद्धा पालेर्मोला उचलून नेल्या, आता त्यातल्या एकीत तो स्वतःच झोपलाय. आजोबांच्या जागेवर नातवाने हात मारायची ही गोष्ट आपल्याकडे कोर्टात चालली असती.

दुसरं म्हणजे धोबीघाट. खराखुरा, मध्ययुगीन, गावाच्या मधोमध, काळ्या दगडाच्या वळणदार पायऱ्या उतरून खाली जायचं, भिंतीत लोखंडी तोट्या, बऱ्याचशा सिंहाच्या तोंडाच्या, त्यातून चेफालिनो नावाच्या छोट्या नदीचं थंडगार पाणी दगडी डोण्यांमध्ये पडतं आणि तिथून समुद्रात जातं. तिथे कोरलंय की ही नदी चांदीहून शुद्ध आणि बर्फाहून थंड. सासूबाई तिरक्या दगडांवर हात फिरवून म्हणाल्या, "उंची बरोब्बर आहे, कंबर मोडत नाही." कुठल्या गाईडने हे सांगितलं असतं?

आणि मांद्रालिस्का म्युझियम चुकवू नका, एकोणिसाव्या शतकातल्या एका हौशी बॅरनचं घर. सगळे तिथे आंतोनेल्लो दा मेस्सीनाने काढलेलं अनोळखी माणसाचं पोर्ट्रेट बघायला जातात, जेमतेम वहीएवढं चित्र आहे, पण तो गालातल्या गालात असा हसतो की त्याला आपल्या बँकेतली शिल्लक माहितीये असं वाटतं. आम्ही मात्र अडकलो एका ग्रीक मडक्यापाशी, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं, त्यावर एक म्हातारा मासेवाला भला मोठा सुरा घेऊन ट्यूना कापतोय आणि समोर गिऱ्हाईक हातात नाणं घेऊन उभं. दोघांचे चेहरे बघूनच कळतं की भावावरून जुंपलीये. सासूबाई पाच मिनिटं हसत होत्या, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर रोज हेच चालतं म्हणाल्या.

गावामागचा डोंगर, ला रोक्का, 270 मीटर, सकाळी चढायचा, पाण्याची बाटली आणि चांगले बूट हवेत, स्लीपरवर नाही. गावाचं नावसुद्धा ग्रीक 'केफाले' म्हणजे डोकं यावरून, डोंगर दिसतोही तसाच.

एक गोष्ट मनात खटकते तीही लिहिते, नाहीतर जाहिरात वाटेल. आम्ही राहिलो ते जुन्या गल्लीतलं कुणाचं तरी घरच होतं, आता भाड्याने देतात, आणि त्या गल्लीत निम्म्या दारांना किल्लीच्या नंबरवाल्या डब्या लटकलेल्या. समोरच्या बाल्कनीत एक आजी रोज कपडे वाळत घालायची, तिला शेजारी म्हणून आठवड्याला नवीन माणसं. आमच्यासारखे लोक जास्त दिवस राहिले तर किराणावाल्याला, बेकरीवाल्याला पैसे मिळतात, पण घरं महाग होतात तीही आमच्यामुळेच. तारकर्लीच्या बाजूला हल्ली जे चाललंय ते आठवलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण दोन तास येऊन फक्त कचरा टाकून जाणाऱ्या बसपेक्षा तरी बरं, असं मी स्वतःला समजावते.

खरं गाव सहानंतर सुरू होतं. दुकानं पुन्हा उघडलेली असतात, सगळे नटूनथटून कोर्सो रुज्जेरो या मुख्य रस्त्यावर नुसते चालायला येतात, वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर, ओळखीचं दिसलं की रस्त्याच्या मधोमध थांबून वीस मिनिटं गप्पा, लहान मुलं रात्री दहाला चौकात फुटबॉल खेळतायत, आणि आजोबा खुर्च्या घेऊन दारात. तिसऱ्या दिवशी बेकरीतल्या बाईने सासूबाईंना हात केला, चौथ्या दिवशी साडीचा पदर हातात घेऊन बघितला, पाचव्या दिवशी दोघी आपापल्या भाषेत गुडघ्यांबद्दल बोलत होत्या आणि दोघींना सगळं समजत होतं.

तेव्हा संपादक महाराज, एवढीच विनंती की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा 'किती वेळात होतं' याच्याऐवजी 'कुठल्या वेळी काय चालू असतं' ते छापा, आणि जे टूरवाले तुमच्या पुरवणीत पानपानभर जाहिराती देतात त्यांनाही कोणीतरी सांगा की बस अकराऐवजी संध्याकाळी चारला आणा आणि एक रात्र तरी मुक्काम ठेवा. एक शहर कमी केलं तरी आमच्यासारख्यांची काही तक्रार नसेल.

कळावे,
आपली एक वाचक, मूळ रत्नागिरी, सध्या पुणे

ता.क. : सासूबाईंनी मुद्दाम लिहायला सांगितलंय की जुन्या गावात जिने फार आणि लिफ्ट क्वचित, गुडघेदुखीवाल्यांनी बुक करण्याआधी मजला विचारून घ्यावा. आमचा तिसरा होता.