बंद गोदीची माती आधी, आराखडा मागाहून

संपादक महोदय,

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींचा पुनर्विकास हा विषय निघाला की चर्चा चटईक्षेत्र, उद्याने आणि जलवाहतुकीभोवती फिरते. त्या जमिनीखाली काय मुरले आहे, याची चौकशी फारशी होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट या बंद पडलेल्या नौदल गोदीत नेमकी हीच चौकशी उलट्या क्रमाने झाली. तिथे काय चुकले ते तपशिलात पाहण्यासारखे आहे.

अमेरिकी नौदलाने ही जागा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ताब्यात घेतली आणि १९७४ मध्ये गोदी बंद केली. मधल्या काळात १९४६ साली प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांजवळ दोन अणुचाचण्या झाल्या. दुसरा स्फोट पाण्याखाली होता आणि त्यातून उडालेल्या किरणोत्सारी पाण्याने जहाजे माखली. त्यांपैकी अनेक सफाईसाठी हंटर्स पॉइंटला आली. वाळूचा मारा, वाफ, आम्ल असे सगळे उपाय करून झाले. त्या सफाईतली वाळू आणि धुवण गोदीतच राहिली, काही गटारांतून खाडीत गेली. शिवाय १९४६ ते १९६९ या काळात नौदलाची किरणोत्सारविषयक प्रयोगशाळा इथेच होती. अंधारात चमकणाऱ्या तबकड्या आणि डेकवरच्या खुणांच्या चकत्या यांतले रेडियम वेगळे. शिसे, पीसीबी (विद्युत उपकरणांत वापरली जाणारी विषारी रसायने), अ‍ॅस्बेस्टॉस आणि ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावके तर कुठल्याही जुन्या गोदीत सापडतातच. गोदी बंद झाल्यावर जागा भाड्याने घेतलेल्या दुरुस्ती कंपनीने आणखी विषारी कचरा टाकला आणि त्यावरून खटला झाला. १९८९ मध्ये ही जागा अमेरिकेच्या अतिप्रदूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली.

पुनर्विकासाच्या दुसऱ्या टप्प्याचा पर्यावरण अहवाल शहराने २०१० मध्ये मंजूर केला. शेजारच्या कँडलस्टिक पॉइंटसह सुमारे १०,५०० घरांची ही योजना. वाहतूक, सावली, पक्षी, समुद्रपातळी या सगळ्यांवर अहवालात प्रकरणे होती. मातीची सफाई मात्र नौदलाची, तीवर देखरेख संघराज्य सरकारच्या पर्यावरण संस्थेची, म्हणजे ती वेगळ्या कायद्याखालची वेगळी प्रक्रिया, असे धरले गेले. घरे बांधण्याचा पर्यावरणावरील आघात मोजताना ‘सफाई नीट झालेली असेल’ हे गृहीत होते आणि ते गृहीतक तपासण्याची जबाबदारी अहवालावर नव्हती. सारा डोलारा या एका कलमावर उभा होता.

आता सफाई ‘नीट’ झाली हे कसे ठरते ते पाहू. तिथे रेडियम-२२६ साठी मर्यादा होती नैसर्गिक पातळीपेक्षा ग्रॅममागे १ पिकोक्युरी जास्त, म्हणजे किलोमागे ३७ बेक्वेरल (दोन्ही किरणोत्सार मोजण्याची एकके). साध्या मातीतही साधारण एवढेच रेडियम असते. त्यामुळे तुलनेसाठी ‘नैसर्गिक’ म्हणून कुठली माती निवडली यावरच निकाल फिरू शकतो. हंटर्स पॉइंटची टेकडी सर्पेंटिनाइट खडकाची आहे, सपाट भाग भराव आणि खाडीच्या गाळाचा. दोन्हींची नैसर्गिक पातळी एकच धरणे चूक.

प्रयोगशाळेतही घाई चालत नाही. रेडियमची नोंद बहुधा त्याच्या ऱ्हासातून पुढे तयार होणाऱ्या बिस्मथ-२१४ च्या गॅमा किरणांवरून होते. त्यासाठी नमुना हवाबंद डब्यात सुमारे २१ दिवस ठेवावा लागतो, म्हणजे मधला रेडॉन वायू निसटत नाही आणि समतोल साधतो. लवकर मोजले तर आकडा कमी येतो. स्ट्रॉन्शियम-९० मुख्यतः बीटा किरण सोडते आणि प्लुटोनियम-२३९ अल्फा. गाडीवर बसवलेला गॅमा मापक जमिनीवरून फिरवला तर ही दोन्ही त्याला दिसत नाहीत, रासायनिक पृथक्करणच करावे लागते. ‘यंत्र फिरवले, काही आढळले नाही’ हे वाक्य अहवालात दिसले की पहिला प्रश्न विचारावा: यंत्र कोणत्या किरणांचे होते?

गटारांच्या खंदकांतली माती काढून पातळ थरात पसरायची, मापकाने तपासायची, ठरलेल्या जागांवरून नमुने उचलायचे, असे काम होते. ते करणाऱ्या टेट्रा टेक कंपनीच्या उपकंपनीतील दोन पर्यवेक्षकांना २०१८ मध्ये प्रत्येकी ८ महिन्यांची कैद झाली. संशयित जागेच्या मातीऐवजी स्वच्छ ठिकाणची माती भरून पाठवली गेली होती. संशय पहिल्यांदा २०१२ मध्ये आला तो पोटॅशियम-४० मुळे. हा मातीतला नैसर्गिक किरणोत्सारी घटक प्रदूषणाचे नव्हे, मातीच्या जातीचे ओळखपत्र आहे. वेगवेगळ्या जागांच्या नमुन्यांत ते संशयास्पद रीतीने जुळत होते, आणि आधी घेतलेल्या त्याच जागेच्या मातीशी जुळत नव्हते. पुढे पर्यावरण संस्थेने आकडेवारी तपासली तेव्हा गोदीच्या पाडलेल्या भूखंडांपैकी ‘जी’ भूखंडातील ९७ टक्के आणि ‘बी’ भूखंडातील ९० टक्के तपासणी-घटक (तपासणीसाठी आखलेले तुकडे) पुन्हा तपासावेत, असा निष्कर्ष निघाला. कच्चे आकडे कुणाही जाणकाराला पाहायला मिळाले असते तर ही शहानिशा कितीतरी आधी झाली असती.

‘ए’ भूखंड स्वच्छ ठरवून २००४ मध्येच शहराला दिला गेला आणि तिथे लोक राहायलाही आले. २०१८ मध्ये फेरतपासणीत घरांजवळच्या उतारावर, फूटभर खोलीच्या आत, रेडियमची एक डेक-चकती सापडली. ही फेरतपासणीही गॅमा मापकानेच केली होती, म्हणजे स्ट्रॉन्शियम आणि प्लुटोनियम तिलाही दिसले नसते.

दुसरा धडा धुळीचा. सर्पेंटिनाइटमध्ये निसर्गतःच अ‍ॅस्बेस्टॉस असते. २००६ मध्ये ‘ए’ भूखंडाची टेकडी कापताना हवेत घनमीटरमागे १६,००० तंतू आढळले की काम थांबवायचे, असा नियम होता. पण सुरुवातीचे काही महिने मापकच धड चालत नव्हते. विकासकाला २००८ मध्ये ५,१५,००० डॉलर दंड झाला. नियम कडक होता, त्याचे डोळेच मिटलेले होते. मापक बंद असतील तर खोदकामही बंद, ही अट पर्यावरण परवानगीतच असायला हवी.

तिसरे म्हणजे झाकण. सगळी माती काढणे परवडत नाही म्हणून काही भागांत वर स्वच्छ मातीचा साधारण २ फुटांचा थर किंवा डांबर घालायचे आणि खोदकामावर कायमची बंदी नोंदवायची, हा मार्ग निवडला गेला. असे झाकण खालच्या मातीशी माणसाचा थेट संपर्क अडवते. खालून चढणाऱ्या पाण्यापुढे त्याचा उपयोग नाही. समुद्र चढला की किनाऱ्यालगतचे भूजलही चढते आणि कोरड्या थरात बसलेले प्रदूषण ओले होऊन हलू लागते. शहराच्या नागरी ग्रँड ज्युरीने (सरकारी कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) २०२२ च्या अहवालात बोट ठेवले ते यावरच: पुराच्या पाण्याचा विचार झाला होता, पायाखालून चढणाऱ्या पाण्याचा पुरेसा नाही.

आता आपल्याकडे. मुंबईच्या याच पूर्व किनाऱ्यावरील दारूखाना भागात अनेक दशके जहाजे तोडली गेली. १९४५ साली जलावतरण झालेली, आपली पहिली विमानवाहू ‘विक्रांत’ही २०१४ मध्ये तिथेच तोडणीला लागली. किरणोत्साराची शंका तिथे घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. पण त्या काळच्या जहाजांत इन्सुलेशनला अ‍ॅस्बेस्टॉस, रंगात शिसे, तळाच्या रंगात ट्रायब्युटिल टिन (शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून घातले जाणारे विष) आणि केबलींत पीसीबी असणे नित्याचे होते. तोडणी भरतीच्या चिखलात चालते, तेव्हा यातले बरेच त्या गाळात उतरलेले असणार.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत इमारती, नगरवसाहती आणि क्षेत्रविकास प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. कोरा माळ असो की जहाजतोडणीचा चिखल, दोन्हींना हीच सूट. प्रदूषित स्थळांबाबतचे नियम २०२५ मध्ये आले, परंतु कुठला भूखंड त्यांच्या कक्षेत येतो हे कुणीतरी आधी माती तपासल्याशिवाय कळणार कसे?

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. निविदा निघण्यापूर्वी जुन्या भाडेकरारांवरून आणि नकाशांवरून कुठे काय चालत होते याची नोंदवही करावी. वरच्या मातीपासून भरावाखालच्या मूळ गाळापर्यंत थराथराने नमुने घ्यावेत, आणि भूजलाचे नमुने भरती व ओहोटी दोन्ही वेळी. दर दहातला एक नमुना दुभागून, बांधकामाशी हितसंबंध नसलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा. नमुना कोणी काढला, कधी बंद केला, कोणाच्या हाती दिला याची साखळी आणि प्रयोगशाळेचे कच्चे आकडे संकेतस्थळावर ठेवावेत, गोषवारा नव्हे. आणि हे सारे प्रसिद्ध झाल्यावर किमान ६० दिवस हरकतींसाठी द्यावेत, कारण एवढे तक्ते वाचायला वेळ लागतो.

आपले,
माती व भूजल तपासणीच्या क्षेत्रात काम करणारे काही अभियंते, मुंबई