आयर्विनला किती झालं?

सांगली

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. तू सहज विचारले आहेस, की पाऊस सुरू झाला का. पण 2019 च्या महापुरापासून सांगलीत हा प्रश्न सहज राहिलेला नाही. मृगाच्या दोन सरी पडल्या, की गावभागात माणसे एकमेकांना आधी "आयर्विनला किती झालं?" असे विचारतात आणि लगेच "कोयनेतून किती सोडलंय?" असे. कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा आमच्या जिन्याच्या आठव्या पायरीवर आईने खडूने रेघ ओढली होती. तिचाच किस्सा आधी सांगतो.

सरकारला आमची दया आली नाही, असे मी म्हणणार नाही. पाणी चढत असतानाच शासन निर्णय निघाला, की ज्यांचा भाग दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिला, त्यांना दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत मिळतील. म्हणजे माझ्या घरात दीड दिवस पाणी राहिले असते, तर मी पूरग्रस्त नव्हतो. पुढे पंचनाम्याला आलेल्या माणसाने आईला विचारले, की पाणी नेमके किती दिवस होते. तिने रेघ दाखवली. तो म्हणाला, "आजी, रेघेला तारीख नाही, फोटो आहे का?" फोटो ज्या मोबाइलमध्ये होते, तो मोबाइलच पाण्यात गेला होता. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. सकाळपासून तो गुडघाभर चिखलात वही सांभाळत फिरत होता. राग आहे तो कोरड्या खोलीत बसून ती अट लिहिणाऱ्यांवर. पुढे गावांत दहा हजार आणि शहरांत पंधरा हजार रुपयांची मदत जाहीर झाली, हेही मान्य करायला हवे. पण ती आरडाओरड झाल्यावर.

बोटीतून हसत हात हलवणाऱ्या मंत्र्यांची चित्रफीत तूही पाहिली असशील. साऱ्या महाराष्ट्राने त्या हसण्यावर तोंडसुख घेतले. मला मात्र वाटते, की आपण चुकीच्या जागी रागावलो. ते गृहस्थ जलसंपदामंत्री होते. त्यांना विचारायचे होते ते असे, की जुलैअखेर कोयना, वारणा आणि राधानगरीत किती साठा होता, जलाशय परिचालन सूचीप्रमाणे तो किती असायला हवा होता आणि पाणी धरून ठेवण्याचा किंवा सोडण्याचा निर्णय कोणाच्या सहीने झाला. अभियंत्यांची अडचणही मी समजू शकतो. लवकर पाणी सोडले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर दुष्काळाचे खापर त्यांच्याच डोक्यावर फुटणार. धरण काठोकाठ भरले, तर मात्र नेते जलपूजनाला येतात, खणानारळाने ओटी भरतात, फोटो छापून येतात. पुरासाठी धरणात मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या जागेची ओटी भरलेली तू कधी पाहिलीस का?

ब्रह्मनाळ तुला आठवत असेल. कृष्णा आणि येरळा मिळतात, त्या संगमावरचे गाव. 8 ऑगस्टला तिथे बोट उलटली आणि सतरा माणसे गेली. बोट ग्रामपंचायतीची होती आणि तिच्यात पेलवणार नाहीत इतकी माणसे बसली होती. गर्दी का केली, असे नंतर पुष्कळांनी विचारले. गावाला चारही बाजूंनी पाण्याचा वेढा पडलेला असताना, पुढची बोट येईल की नाही हे ठाऊक नसताना, आपल्या म्हाताऱ्या माणसाला काठावर ठेवून कोण जाईल?

पुराची कारणे शोधायला सरकारने वडनेरे समिती नेमली. तिचा अहवाल 2020 च्या मे महिन्यात सादर झाला आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आले. तोवर सरकार बदलले होते, त्यामुळे हा एका पक्षाचा दोष आहे, असे म्हणायची सोयही उरली नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याशी पातळी 56 फुटांवर गेली. पाहणीला आलेले मुख्यमंत्री ठाकरे आणि विरोधी पक्षनेते फडणवीस शाहूपुरीत समोरासमोर आले, तेव्हा बातमी त्या भेटीचीच झाली. त्या वेळी कोल्हापूर महापालिकेची मुदत संपून आठ महिने झाले होते आणि कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे गल्लीतल्या माणसाने ज्याची गचांडी धरावी, असा नगरसेवकही नव्हता. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणात जिल्हाधिकाऱ्यांबरोबर लोकांनी निवडलेला सहअध्यक्ष असावा असे ठरवले आहे, आणि आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. कायद्यातली ती खुर्ची इतकी वर्षे रिकामी राहिली, याची खंत एकाही पालकमंत्र्याने बोलून दाखवलेली माझ्या ऐकिवात नाही.

मला फार मोठे काही नको आहे. चौकशी अहवाल ठरावीक मुदतीत विधिमंडळात मांडावा आणि प्रत्येक शिफारशीपुढे काय केले, का केले नाही आणि जबाबदार कोण, हे लिहावे. धरणांचे रोजचे साठे आणि विसर्गाचे निर्णय सहीसह लोकांना पाहता यावेत. आणि नदीकाठी जिच्या आत बांधकामाला मनाई असते, त्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी देणाऱ्याचे नाव त्या इमारतीच्या फलकावर असावे. (ही शेवटची सूचना आईची आहे.)

वडनेरे समितीच्या शिफारशींवर काय कारवाई झाली, हे मी माहितीच्या अधिकारात विचारले होते. पहिल्या कार्यालयाने कलम 6(3) खाली अर्ज दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने मला कळवले, की माहिती पहिल्या कार्यालयाकडे मिळेल. प्रथम अपिलाचा मसुदा सोबत जोडला आहे. तू इतकी वर्षे वकिली केलीस, तर तो एकदा नजरेखालून घाल आणि जिथे माझा राग कायद्यापेक्षा मोठा झाला असेल, तिथे काट मार. सुनावणी बहुधा आषाढात होईल, तोवर आयर्विनला किती होईल ते पाहू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत